गाळलेला पाचवा आठवडा

त्याला सगळे टेस्टर म्हणत. खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता दोन-तीनच उरली होती, आणि सख्खी मोठी बहीण, ताई, ती तर त्याला 'छोट्या' म्हणायची. त्रेसष्ट वर्षांचा छोट्या. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी कायम टेस्टर, अगदी लग्नाच्या फोटोतसुद्धा. बायको अजून तो फोटो आल्यागेल्याला दाखवायची आणि म्हणायची, "बघा, नवरी शेजारी उभी असताना काय छातीशी धरलंय ते."

कागदाच्या कारखान्यात चौतीस वर्षं तो वायरमन होता. त्याची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. कुठलीही वस्तू तो आधी उलट्या हाताने चाचपायचा; मोटर असो, नळ असो, नाहीतर चहाचा कप. का, तर पंजाने हात लावला आणि झटका बसला तर मूठ आवळते आणि माणूस चिकटून राहतो. उलटा हात असला तर तो आपोआप मागे येतो. हे तो भेटेल त्याला ऐकवायचा, ऐकणाऱ्याला बसची घाई असली तरी. लेक जन्मली तेव्हा तिच्या गालालाही त्याने पहिल्यांदा उलटाच हात लावला होता, अशी बायकोची तक्रार आहे.

शेवटची अकरा वर्षं कारखान्यात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुरक्षिततेवर बोलायचं कामही त्याच्याकडेच होतं. अकरा वर्षं तो तेच बोलला आणि अकरा वर्षं समोरची माणसं जांभया देत राहिली. पण आपल्या खात्यात एकही माणूस दगावला नाही, हे तो छाती फुगवून सांगायचा, आणि ते खरंही होतं. ताई त्याच कारखान्यात चिंध्या निवडायची. दिवसभर धुळीत. त्याच्या त्या व्याख्यानात धुळीबद्दल एक वाक्य नव्हतं, कारण धूळ विजेच्या खात्यात येत नव्हती.

आता ताई सत्तर वर्षांची होती आणि तिच्या फुप्फुसांत काही उरलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची, नाकात नळी घालून. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरत असायचं. नळी बरीच लांब होती, स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पोचायची आणि तिथे संपायची. ताईचं जगही तिथेच संपायचं. पण जिभेची धार कमी झाली नव्हती. "मला दावणीला बांधलंय," म्हणायची, "फक्त चारा कोणी टाकत नाही."

टेस्टर पाच वर्षांचा असताना त्यांची आई गेली. ताई तेव्हा बारा वर्षांची. तिने त्याला जेवायला घातलं, शाळेत पोचवलं, मारलं, पुन्हा जवळ घेतलं, आणि पुढे साहेबांकडे शब्द टाकून कारखान्यात चिकटवलं. त्यामुळे ताईचं काही म्हटलं की या माणसाचं डोकं चालायचं बंद व्हायचं आणि हातच चालू लागायचे. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

त्या वर्षी दुपारची वीज जायला लागली. दोन ते चार, रोज, वेळापत्रक लावून. वीज गेली की मशीन बंद. मग ताईने उशाशी ठेवलेल्या छोट्या सिलिंडरवर दोन तास काढायचे, काट्याकडे बघत. एकदा सिलिंडर पावणेचारलाच संपला. ती पंधरा मिनिटं ताईने कशी काढली, ते तिने कधी सांगितलं नाही. समोरच्या दारातल्या निवृत्त नर्सबाईंनी सांगितलं, आणि ते ऐकून टेस्टर जिन्यातच खाली बसला.

त्याच सुमाराला परगावच्या लेकीने त्याला फोनवर एक अभ्यासक्रम लावून दिला. शाश्वत ऊर्जा, आठ आठवडे, घरबसल्या, फुकट. निवृत्तीनंतर बाबा घरातले चांगले चालणारे पंखे उघडून बसतात, ही आईची रोजची कटकट तिला थांबवायची होती, दुसरं काही नाही. टेस्टरने आधी नाक मुरडलं. "मला वीज शिकवणार? फोन?" पण पहिल्या आठवड्याचा धडा बघितला, दुसऱ्याचा बघितला, आणि तिसऱ्या आठवड्यात तर तो वही घेऊन बसायला लागला. पडद्यावरच्या शिकवणाऱ्या बाई मुद्देसूद बोलायच्या. ऊन कसं पकडायचं, वाऱ्याची वीज कशी होते, घराला किती लागते, वाया किती जाते. चौतीस वर्षं त्याने वीज फक्त इकडून तिकडे नेली होती. ती येते कुठून, हा प्रश्न त्याला साठी उलटल्यावर पडला, आणि या वयात आपल्याला असा प्रश्न पडतो याचंच त्याला अप्रूप वाटलं.

"पंखा लावा म्हटलं तर दोनदा सांगावं लागतं," बायको म्हणाली, "आणि म्हणे सूर्याची वीज शिकतोय."

चौथा आठवडा साठवणीचा होता. दिवसाचं ऊन बॅटरीत भरून नंतर कसं वापरायचं. धडा संपला तेव्हा टेस्टरच्या डोक्यात ताईची पेटी तयार झाली होती. आता धीर धरवेना. पाचवा आठवडा होता 'साठवण आणि सुरक्षितता'. नाव वाचून त्याला हसूच आलं. "ज्याने अकरा वर्षं हेच दळण दळलं त्याला हे काय सांगणार," म्हणत तो सरळ सहाव्या आठवड्यावर गेला. अभ्यासक्रम काही हातात छडी घेऊन बसलेला नव्हता. पाचव्याच्या पुढचा गोल रिकामा राहिला, बाकीचे एकेक करून हिरवे होत गेले.

भंगारवाल्याकडून त्याने मोडीत निघालेल्या विजेच्या स्कूटरांचे सेल आणले, पोतंभर. चपटे, पाकिटासारखे, चंदेरी. एकेक मीटरवर तपासला. ज्यात जीव होता तो ठेवला, मेलेला टाकला. काही सेल किंचित फुगलेले होते, पण मीटर चांगला आकडा दाखवत होता, मग टाकायचे कशाला? असे सेल त्याने दोन फळ्यांमध्ये घालून पट्ट्याने आवळले आणि सपाट केले. सगळे मिळून एका पत्र्याच्या पेटीत बसवले. पेटी चौदा इंच रुंद, कारण ताईच्या पलंगाखाली तेवढीच जागा होती. पलंगाखालीच का, तर मशीन शेजारी, वायर आखूड, आणि ताईच्या पायात काही येणार नाही. गच्चीवर दोन जुनी सोलर पॅनेलं उभी केली, जोडीला घरच्या विजेवर चालणारा चार्जर लावला, आणि तो चोवीस तास चालूच ठेवला. कारखान्यातल्या पाण्याच्या बॅटऱ्या त्याने अशाच सांभाळल्या होत्या. बॅटरी कधी भुकेली ठेवायची नाही, हा त्याचा नियम होता, आणि त्या बॅटऱ्यांसाठी तो बरोबरही होता.

मशीनची वायर त्याने पेटीला पिनेने जोडली नाही. पिन कोणाच्या तरी पायाने निघायची. त्याने सांधा मारला, कथील ओतून, वर तीन थर पट्टी. "माझा सांधा सुटत नाही," तो म्हणाला.

पहिल्या दिवशी दोन वाजता वीज गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला. मशीन घरघरतच राहिलं. ताई छताकडे बघत होती. मग तिने भावाकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले, आणि तिने लगेच त्याला झापलं की तोंड काय बघतोयस, चहा टाक.

त्या दिवसापासून ती येईल त्याला सांगायची, "माझ्या भावाने मला ऊन पेटीत भरून दिलंय." आठवड्याभरात तिने सिलिंडर परत पाठवला. टेस्टरनेच सांगितलं होतं, "आता त्याची काय गरज?"

अभ्यासक्रमाच्या सोबत एक चर्चाकट्टा होता. शिकणाऱ्यांनी तिथे लिहायचं, विचारायचं. टेस्टरने पेटीचा फोटो टाकला. पलंग, खाली पेटी, वर ताईचे पाय. आणि काय सांगू, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. कोणी 'मास्तर' म्हणालं, कोणी 'सलाम'. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कट्ट्यावर 'सुईदोरा' नावाने लिहिणारा एक शिंपी होता, कुठल्या गावचा कोण जाणे. त्याने लिहिलं, माझ्या आईलाही असंच मशीन लागलंय, आमच्याकडेही वीज जाते, मला मापं द्याल का? टेस्टरने नुसती मापं दिली नाहीत, पानभर मजकूर दिला. सेल कुठे मिळतील, फुगलेले कसे आवळायचे, पेटी किती रुंद. शेवटी ठळक अक्षरांत: चार्जिंग चोवीस तास चालू ठेवा. हे सगळं त्याने एका बोटाने, दोन संध्याकाळी बसून टाइप केलं.

कट्ट्याचा एक नियम होता. आठही आठवडे पूर्ण झाले आणि प्रमाणपत्र मिळालं की मग कट्टा वाचता यायचा, पण लिहिता यायचं नाही. नव्यांना जागा म्हणून. तेव्हा पाचवा आठवडा रिकामा ठेवण्यामागे नुसती गुर्मी नव्हती. हिरवा गोल लागला की 'मास्तर' म्हणणारं कोणी उरणार नव्हतं. हे त्याने बायकोला सांगितलं नाही, पण ती तीस वर्षं त्याच्यासोबत राहत होती, तिला सांगायची गरज नव्हती.

दोन महिने गेले. तो रोज सकाळी ताईकडे जायचा, पेटीला उलटा हात लावायचा, ठीक आहे म्हणायचा. मग गुडघे धरले, वाकणं जमेना, आणि तो नुसतं मशीन ऐकून परत यायला लागला. त्या दिवसांत ताई एकदा म्हणाली, "छोट्या, हल्ली छान झोप लागते रे. पलंग कसा उबदार झालाय. पाठीचं दुखणंच गेलं." टेस्टरला बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात तिने विचारलं, "खोलीत पिकलेल्या फळाचा वास येतो का रे? मी तर फळ आणलेलं नाही." त्याने हुंगून बघितलं. गोडसर काहीतरी होतं खरं. समोरच्या नर्सबाई नखांना रंग लावत असतील, असं तो म्हणाला, आणि दोघं त्या म्हाताऱ्या बाईंच्या नखांवरून पोटभर हसली.

मग अभ्यासक्रमाची तुकडी शनिवारी बंद होणार असा निरोप आला. लेकीने फोन करून दम दिला, "बाबा, एका धड्यासाठी प्रमाणपत्र घालवू नका. मला ते फ्रेम करायचंय." गुरुवारी, दुपारचं जेवण लवकर उरकून, टेस्टर टेबलाशी बसला. बायको शेजारी बसून कपाटातले डबे पुसत होती. त्याने धडा लावला, वेग दीडपट केला, आणि जांभई दिली.

बाई दीडपट वेगाने बोलत होत्या. जुने आणि नवे सेल एकत्र जोडू नका. टेस्टरने चष्मा पुसला. प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं सर्किट असल्याशिवाय पेटी वापरू नका. त्याने वेग साधा केला. पाण्याच्या बॅटरीसारखी ही बॅटरी सतत चार्जिंगला ठेवू नका. फुगलेला सेल म्हणजे आतून बिघडलेला सेल. मीटरवर तो चांगला दिसू शकतो. तो दाबून सपाट करून वापरू नका, कधीच नाही.

बायकोचा हात डब्यावर थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

"बिघाड एका दिवसात दिसत नाही," बाई शांतपणे सांगत होत्या. "कित्येकदा तो आठवडेच्या आठवडे आत शिजत असतो. आधी ऊब जाणवते. मग गोडसर वास येतो, पिकलेल्या फळासारखा, नखांच्या रंगासारखा. अशी पेटी झोपायच्या खोलीत ठेवू नका. पलंगाखाली तर अजिबात नको. आणि जिथे ऑक्सिजन वापरला जातो..."

पुढचं त्याने ऐकलं नाही. फोन टेबलावर तसाच बोलत राहिला. त्याने बायकोचा फोन उचलून ताईला लावला.

"कोण? छोट्या होय," ताई म्हणाली. "आत्ताच जरा आडवी झाले बघ. आज काय ऊब आहे म्हणतोस."

"ताई, ऊठ. पलंगावरून ऊठ आणि ओट्याशी जाऊन बस."

"कशाला? आत्ता तर..."

"ताई, तुला माझी शपथ आहे. ऊठ."

त्याने घड्याळ पाहिलं. एक वाजून सव्वीस मिनिटं. सायकलने बारा मिनिटांचा रस्ता.

रस्त्याभर त्याच्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता. पेटी काढायची म्हणजे मशीन पेटीवरून सोडवून भिंतीच्या विजेवर घ्यायचं. दोन वाजता भिंतीची वीज जाणार. मग मशीन बंद. सिलिंडर नाही, तो आपणच परत पाठवायला लावला. पेटी ठेवली तर ताई जळणार, काढली तर ताई गुदमरणार. चौतीस वर्षांत असा फास त्याने कधी बांधला नव्हता, आणि बांधला तो सख्ख्या बहिणीच्या गळ्याभोवती.

जिना चढताना गुडघ्यांनी कुरकुर केली नाही, हे त्याला नंतर आठवलं. त्याने आधी नर्सबाईंचं दार वाजवलं आणि धापा टाकत सांगितलं. त्या बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. दवाखान्याला फोन लावून सिलिंडर मागवला. "अर्धा तास लागेल म्हणतात," त्या म्हणाल्या. "किंवा जास्त. बसवून ठेवली, बोलू दिलं नाही, तर काढेल ती तेवढा वेळ. बहुतेक."

ताई ओट्याशी स्टुलावर बसली होती, नळी ताणलेली. खोलीत वास भरून राहिला होता, आता ओळखू न यायला काही निमित्तच नव्हतं. टेस्टर पलंगाखाली गुडघ्यांवर सरकला. सवयीने उलटा हात पुढे केला. झाकणाला तो टेकला असेल-नसेल, आपोआप मागे आला. पेटीचं झाकण मध्यभागी फुगून वर आलं होतं, पलंगाच्या फळीला टेकलं होतं. आतून बारीक आवाज येत होता, किटलीत पाणी उकळायच्या आधी येतो तसा.

पिन असती तर एका झटक्यात निघाली असती. पण तिथे त्याचा सांधा होता, आणि त्याचा सांधा सुटत नाही. त्याने खिशातून पक्कड काढली. दोन्ही वायरी एकदम कापल्या तर ठिणगी. एकच कापायची, टोकाला पट्टी गुंडाळायची, मग दुसरी. अकरा वर्षं तो लोकांना हेच दाखवत आला होता. पहिली तुटली आणि मशीन थांबलं.

खोलीत एवढी शांतता त्याने कधी ऐकली नव्हती. नर्सबाईंनी ताईच्या पाठीवर हात ठेवला आणि मोजल्यासारखं "सावकाश, सावकाश" म्हणत राहिल्या.

"भिंतीला लावा," त्या म्हणाल्या. "अजून दहा मिनिटं वीज आहे."

त्याने दुसरी वायर तोडली, चार्जरचं बटण बंद केलं, त्याची आणि गच्चीवरून आलेली वायरही तशीच तोडली, मशीनची उघडी टोकं एका जुन्या पिनेत कशीबशी खोचून भिंतीला लावली. मशीन घरघरलं. दहा मिनिटं मिळाली होती. त्याने धुण्याचं मोठं घमेलं आणलं, हाताला ओला टॉवेल गुंडाळला, पेटी ओढून घमेल्यात घेतली आणि उचलली. चौदा किलो. बांधताना वजन केलं होतं.

तीन मजले. प्रत्येक मजल्यावर दोन दारं, आणि सगळ्यांना बाहेर पडायला हाच एक जिना. दुसऱ्या मजल्यावर झाकणाच्या फटीतून पांढरा धूर यायला लागला. टाकून पळावंसं वाटलं. खरंच वाटलं, खोटं कशाला सांगायचं. एका दारातून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि तो पुढच्या पायरीवर उतरला. तळमजल्यावर आला तेव्हा सूं सूं आवाज मोठा झाला होता आणि टॉवेल वाळून कडक झाला होता. अंगणाच्या कोपऱ्यात, भिंतीलगत, जिथे त्याचीच सायकल उभी होती, तिथे त्याने घमेलं टाकलं आणि मागे फिरला. चार पावलं गेला असेल.

आवाज फटाक्यांसारखा नव्हता. कोणीतरी जड कपाट ढकलावं तसा होता, आणि मग ज्वाळा सरळ वर. एकामागून एक सेल पेटत होते. सायकलचं सीट वितळून खाली ओघळलं. टेस्टरच्या भुवया गेल्या, उजव्या हाताची पाठ भाजली. आग तिसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या खालपर्यंत पोचली आणि तिथून परतली. तो खिडकीकडे बघत राहिला. ती पलंगाशेजारची खिडकी होती.

दोन वाजले. वीज गेली.

सिलिंडर दोन वाजून एकतीस मिनिटांनी आला. तोवर ताईचे ओठ जांभळे पडले होते आणि नखंही. टेस्टर समोर जमिनीवर बसून तिचा पाय धरून होता. बोलायचं नाही असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून ती फक्त त्याच्या जळालेल्या भुवयांकडे बघत होती आणि मधूनच मान हलवत होती, तो लहानपणी काही फोडून आला की हलवायची तशी. तोंडावर मास्क चढला, काटा फिरला, रंग परत यायला लागला. पाच मिनिटांनी तिने मास्क थोडा बाजूला केला.

"छोट्या," ती म्हणाली, "थंडी वाजते रे. पेटी लाव ना परत."

टेस्टर ढसाढसा रडला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, नर्सबाईंच्या देखत.

ताईला दवाखान्यात हलवलं. तिची तब्येत ठीक राहिली. संध्याकाळी टेस्टरच्या हाताला पट्टी बांधून झाली तेव्हा बायको आली, त्याचा फोन घेऊन. ती बाकावर त्याच्याशेजारी बसली, त्याच्या भुवयांच्या जागी बोट फिरवलं आणि फोन त्याच्या मांडीवर ठेवला.

"तुम्ही गेलात तेव्हा धडा चालूच राहिला," मग ती म्हणाली. "मी बंद केला नाही. मला कळत नव्हतं काही, पण ऐकत बसले शेवटपर्यंत. तुम्ही काय काय केलंय ते कळायला हवं होतं मला."

त्याने डाव्या हाताने फोन उघडला. आठही गोल हिरवे होते. वर लिहिलं होतं: अभिनंदन, तुमचं प्रमाणपत्र तयार आहे. त्याच्या खाली चर्चाकट्ट्यावरचा एक न वाचलेला निरोप होता, परवाचा. सुईदोऱ्याचा.

'मास्तर, तुमचे उपकार कसे फेडू? पेटी तुम्ही सांगितली तशीच केली. फुगलेले सेल आवळून घेतले, पलंगाखाली बरोब्बर बसली. तीन आठवडे झाले, वीज गेली तरी मशीन चालू. आई तर म्हणते, हल्ली पलंग उबदार लागतो, पाठ शेकते, छान झोप लागते. तिने तुम्हाला आशीर्वाद सांगितलाय.'

टेस्टरने उत्तर लिहायच्या चौकटीवर बोट दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. चौकट करड्या रंगाची झाली होती आणि तिच्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: तुम्ही हा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. चर्चा आता फक्त वाचता येईल.

"फोन नंबर असेल ना त्यांचा?" बायको म्हणाली. तिनेही निरोप वाचला होता.

"नाही."

"नाव?"

"नाही. गावही नाही."

अभ्यासक्रम चालवणाऱ्यांना लिहायची एक जागा होती. तिथे त्याने डाव्या हाताने लिहिलं, चुका करत, दोनदा. कामाच्या दिवशी सकाळी दहानंतर उत्तर मिळेल, असं आपोआप आलं. लेकीला फोन लावला. ती धावपळ करते म्हणाली. मग बायकोने तिचा स्वतःचा फोन काढला.

"मी नाव घालते," ती म्हणाली. "नवीन म्हणून. मला तर लिहू देतील ना?"

तिने नाव घातलं, वय घातलं, शिक्षण सातवी घातलं. प्रत्येक अक्षर शोधून. शेवटी एक रकाना आला: हा अभ्यासक्रम तुम्हाला का करायचा आहे?

"काय लिहू?" तिने विचारलं.

"लिही," टेस्टर म्हणाला, "एका बाईला पलंगावरून उठवायचंय."

तिने तसंच लिहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर गोल फिरला, थांबला, आणि खाली एक ओळ आली: आभारी आहोत, तुमची नोंदणी चोवीस तासांत तपासली जाईल.